भेग झाकू नका, तिचं टोक शोधायला शिकवा



आधी एक कबुली देते. माझ्या वर्गात जलचक्राचा एक मोठा, रंगीत तक्ता आहे. तो मी ज्या जागी लावला, ती जागा निवडण्याचं कारण मात्र शैक्षणिक नव्हतं. खिडकीच्या खालच्या कोपऱ्यातून एक भेग तिरकी खाली उतरली होती आणि दुसऱ्या दिवशी शाळेला भेट होती. डीएडला असताना तक्ते करायला शिकले, ते असे कामी आले! भेट झाली, शेरेबुकात वर्गसजावट उत्तम असल्याचा शेराही मिळाला.

पुढं पावसाळा आला आणि गेला. शाळेसमोरच्या रस्त्याचं काम निघालं, कंप देणारा रोलर आठवडाभर जात-येत राहिला. बाकं थरथरायची, पोरांना मजा वाटायची. आणि एक दिवस चौथीतला एक मुलगा म्हणाला, "मॅडम, तक्त्याच्या खालून भेग बाहेर येऊन राह्यली."

माझं पहिलं उत्तर काय होतं माहितीये? "बस खाली. गणित सोडव."

तुम्हीही असंच काहीतरी म्हटलं असतं, असं मला वाटतं. आपल्याला भेग दिसली की लाज वाटते, आणि लाज वाटली की आपण झाकतो. पण त्या मुलानं जे पाहिलं ते खरं निरीक्षण होतं. भेग किती मोठी आहे हे त्यानं सांगितलं नव्हतं. तिचं टोक कुठवर आलंय, हे सांगितलं होतं. भेगेच्या बाबतीत बघायचं असतं ते हेच. म्हणून माझं म्हणणं असं आहे की भेग हा प्राथमिक शाळेतला विज्ञानाचा धडा आहे, आणि तो आपण तक्त्यामागं लपवतोय.

वेल्डिंगच्या दुकानातला धडा

मला हे कुणी शिकवलं ते आधी सांगते. आमच्या वर्गातल्या एका मुलीचे वडील चिखलीत वेल्डिंगचं काम करतात. ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या, लोखंडी दरवाजे, शेतीची अवजारं, सगळं. पालकसभेला आले तेव्हा भिंतीकडं बघून आधी हसले आणि म्हणाले, "मॅडम, भिताडाले तडे त जातच असतात." मग जवळ जाऊन भेगेच्या खालच्या टोकावर बोट ठेवलं. "पण हे टोक पाहा. बारीक झालं की पुढं पळते."

मी विचारलं, म्हणजे काय? तर ते म्हणाले की ट्रॉलीच्या पत्र्याला तडा गेला की ते आधी तड्याच्या टोकाशी ड्रिलनं एक गोल भोक पाडतात आणि मगच वेल्डिंग करतात. भोक न पाडता वरवर वेल्डिंग केलं तर तडा दुसऱ्या बाजूनं डोकं काढतो.

विचार करा. तडा गेलेल्या पत्र्याला आणखी एक भोक पाडायचं, आणि त्यानं पत्रा टिकणार! ऐकायला उलटंच वाटतं. पण ते बरोबर आहे, आणि त्यामागचं गणित शंभर वर्षांहून जुनं आहे. इंग्लिस नावाच्या ब्रिटिश अभियंत्यानं १९१३ साली ते मांडलं. पत्रा दोन्हीकडून ओढला आणि मध्ये गोल भोक असेल, तर भोकाच्या कडेला ताण तिप्पट होतो. भोक गोल नसून लांबट असेल आणि ओढ त्याच्या लांबीला आडवी असेल, तर टोकावरचा ताण आणखी वाढतो. लांबी रुंदीच्या दहापट असेल तर ताण एकवीस पट! आणि भेग म्हणजे काय, तर लांबी भरपूर आणि रुंदी जवळजवळ नाहीच असं भोक. टोक जितकं धारदार, तितका तिथला ताण जास्त. गोल भोक पाडलं की ती धार जाते. एकवीस पटीवरून गोष्ट बरीच खाली येते.

(मोठ्या वर्गांच्या पुस्तकांत ताणाला 'प्रतिबल' म्हणतात. प्राथमिकच्या मुलांना 'ताण' पुरे.)

प्रयोग १ : कागदाची पट्टी

हे मुलांना सांगू नका, करायला द्या. वहीच्या कागदाच्या सारख्या रुंदीच्या तीन पट्ट्या कापा. पहिली अखंड ठेवा. दुसरीच्या कडेला मधोमध कात्रीनं एक बारीक चीर द्या. तिसरीला तशीच चीर द्या, पण चिरेच्या टोकाशी पंचिंग मशीननं गोल भोक पाडा. आता प्रत्येक पट्टी वरून धरा, खाली पिशवी अडकवा आणि पिशवीत एक-एक गोटी टाकत जा. कुठली पट्टी किती गोट्यांना फाटते ते फळ्यावर लिहा.

चिरेची पट्टी सगळ्यात आधी जाते. कागद कमी झाला म्हणून ती फाटली, असं मुलं म्हणतील. मग तिसरी पट्टी दाखवा. तिच्यातून तर भोकाएवढा कागद आणखी गेलाय, तरी ती दुसरीपेक्षा जास्त सोसते! फरक फार मोठा नसतो, म्हणून प्रत्येक प्रकारच्या पाच-पाच पट्ट्या करा. एकदा मुलांना हा फरक दिसला की पुढचा प्रश्न तीच विचारतात. शाम्पूच्या पुडीला कडेला ती कापलेली खाच का असते? शिंपीकाका कापडाला कात्रीनं एवढीशी चीर देऊन पुढचं कापड हातानंच कसं फाडतात? आणि विमानाच्या खिडक्यांचे कोपरे गोल का असतात? तीन प्रश्नांना उत्तर एकच आहे.

प्रयोग २ : हात सोडलेली रांग

ताण टोकाशीच का जमा होतो? हे मैदानावर छान कळतं. मुलांच्या दोन रांगा समोरासमोर उभ्या करा. प्रत्येकानं उजव्या हातानं समोरच्याचा हात धरायचा आणि डाव्या हातानं आपल्या रांगेचा लांब बांबू. आता दोन्ही रांगांनी हळूच मागं झुकायचं. सगळ्यांच्या हातावर सारखी ओढ येते. मग मधल्या तीन जोड्यांना हात सोडायला सांगा. ती आता आपली 'भेग'. लगेच भेगेच्या दोन्ही कडांची मुलं ओरडतात, "मॅडम, माह्याच हातावर ओढ येऊन राह्यली!" ज्यांनी हात सोडले, त्यांचा वाटा बांबूतून शेजारच्याकडे आला. दूरच्या मुलाला फारसा फरकच पडत नाही. मधल्या आणखी दोन जोड्यांनी हात सोडले तर कडेच्यांची ओढ आणखी वाढते. भेग जितकी लांब, तितकं टोकाशी ओझं जास्त, म्हणून लांब झालेली भेग आणखी सहज लांबते. (मैदान मऊ असू द्या आणि झुकायचं हळूच. आमच्याकडं एकदा दोघं आपटलीत!)

आता लाट आणूया

इथपर्यंत ओढ हळूहळू दिली. पण खऱ्या भिंतीला, पुलाला, धरणाला धक्के बसतात. धक्का म्हणजे काय? बाकाच्या एका टोकाला मुलाला कान लावायला सांगा आणि दुसऱ्या टोकाला नखानं टिचकी मारा. हवेतून ऐकू येते त्यापेक्षा किती स्पष्ट! लाकडाचा एक कण शेजारच्याला ढकलतो, तो पुढच्याला, आणि प्रत्येक कण पुन्हा आपल्या जागी येतो. पदार्थ दबतो आणि सुटतो, म्हणून ही लवचीक, म्हणजेच स्थितिस्थापक लहर. हवेत आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. पोलादात हीच ढकलाढकल सेकंदाला सहा किलोमीटरच्या जवळपास पोचते. भूकंपाच्या ज्या प्राथमिक आणि दुय्यम लहरी आपण भूगोलात शिकवतो, त्या याच जातीच्या.

ही लहर भेगेपाशी आली की काय होतं? ढकलणारी लहर असेल तर भेगेचे दोन्ही काठ एकमेकांवर दाबले जातात आणि लहर बरीचशी पार होते. पण ढकलल्यामागून ओढ येतेच. ओढणारी लहर मोकळी फट ओलांडू शकत नाही, कारण हात सोडलेल्यांना कोण ओढणार? ती भेगेच्या काठांवर आपटून उलटते, काठाकाठानं टोकाकडं धावते आणि तिथं पुढून येणाऱ्या लहरीला मिळते. त्यामुळं टोकावरचा ताण क्षणभर हळूहळू दिलेल्या ओढीच्या गणितापेक्षाही वर जातो आणि मग खाली येऊन स्थिरावतो. नेमका तो क्षणच भेगेला पुढं न्यायला पुरतो.

पट्टीचा प्रयोग पुन्हा करा. या वेळी पिशवीत आधीच गोट्या भरा, पिशवी हातावर तोलून धरा आणि हात एकदम काढून घ्या. हलकेच ओझं टेकवलं तर जेवढा ताण येतो, एकदम सोडलं तर क्षणभर त्याच्या जवळजवळ दुप्पट येतो. म्हणून एरवी टिकणारी पट्टी हिसक्यानं फाटते.

आणखी एक गंमत. दगड, वीट, काँक्रीट हे सगळे दाब सोसण्यात पहिलवान, पण ओढ सोसण्यात अगदी कच्चे. खदानीत सुरुंग उडाला की आधी दाबाची लहर निघते. ती खडकाच्या मोकळ्या बाजूला पोचली की तिथून ओढीची लहर होऊन परत फिरते, आणि खडक त्या परतीच्या ओढीनं सुटतो. दगड फोडणारे आपले कारागीर हे पुस्तक न वाचता जाणतात. ते काळ्या दगडावर वाट्टेल तिथं घण घालत नाहीत. आधी एका रेषेत बारीक खाचा पाडतात, त्यांत पाचरी बसवतात आणि मग पाळीपाळीनं ठोकतात. दगड त्या रेषेतच उकलतो. टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही म्हणतात, पण घाव कुठं घालायचा हे कळल्याशिवायही येत नाही.

कोयनेचा बांध नेमका कुठं तडकला?

ही नुसती खेळण्यातली गोष्ट नाही. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनानगरला मोठा भूकंप झाला. पावणेदोनशेच्या आसपास माणसं गेली. कोयनेचं धरण तेव्हा नवंच होतं, १०३ मीटर उंच. ते फुटलं नाही, पाणी धरून राहिलं, हे आपलं नशीब आणि बांधणाऱ्यांचं श्रेय. पण त्याच्या उंच भागांना आडवे तडे गेले. आता मुलांना चित्र काढून विचारा, तडे कुठं गेले असतील? तळाशी, जिथं सगळ्यात जास्त वजन आहे? की माथ्याशी, जिथं भिंत सगळ्यात बारीक आहे?

उत्तर आहे, दोन्हीकडं नाही. त्या बांधाची पाण्याकडची बाजू जवळजवळ उभी आहे आणि मागची बाजू उतरती. मागचा हा उतार एका उंचीवर एकदम बदलतो, म्हणजे तिथं एक कोपरा तयार होतो. तडे मुख्यतः त्या उंचीच्या आसपास सापडले. लहरी बांधात चढल्या, वरचा भाग पुढं-मागं झुलला आणि ओढ कोपऱ्यात साठली. भेग नसली तरी कोपरा भेगेच्या टोकासारखाच वागतो, एवढंच ध्यानात ठेवा. नंतर त्या भागांना मागून काँक्रीटचे मोठे धिरे देऊन बळकटी आणली. भूकंपाचे धक्के खुद्द धरणातल्या यंत्रावर नोंदले गेले होते, त्यामुळं आजही जगभरचे अभियंते काँक्रीटचं धरण भूकंपात कसं तडकतं हे तपासताना कोयनेचं उदाहरण घेतात. साताऱ्यातलं धरण जगाचं पाठ्यपुस्तक झालं, आणि आपल्या मुलांना फक्त त्याच्या विजेचे मेगावॉट पाठ!

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेचं किल्लारी तुमच्यापैकी पुष्कळांना आठवत असेल. माझ्या पिढीनं ते घरात ऐकून ऐकून पाठ केलंय. तिथली घरं जाड दगडी होती. पण दगड मातीत रचलेले, भिंतीची आतली आणि बाहेरची फळी एकमेकींना बांधणारे लांब दगड पुष्कळ ठिकाणी नाहीत, आणि वर मातीचं जड धाबं. लहरी आल्या आणि भिंती मधोमध सुटल्या. जाडी होती, जोड नव्हता. म्हणूनच भूकंपाचा विचार करून बांधताना दारं-खिडक्यांच्या वर सगळ्या भिंतींना बांधणारा सलग काँक्रीटचा पट्टा घालायला सांगतात. कारण भिंतीतला सगळ्यात दुबळा कोपरा दार-खिडकीचाच असतो.

आता तुमच्या वर्गाची खिडकी बघा. भेग असेल तर बहुतेक वेळा तिच्याच कोपऱ्यातून निघालेली असेल. आमचीही तिथूनच निघाली होती.

भेग दाखवणारीही लहरच

जी लहर भेग वाढवते, तीच भेग शोधूनही देते. आजी बाजारात मडकं घेताना बोटानं वाजवून बघते. टणटण वाजलं तर घेते, बद्द वाजलं तर खाली ठेवते. डोळ्यांना न दिसणारा तडा लहरीला अडवतो आणि आवाज मरतो. आजीचं हे शास्त्रच आहे, मुलांना तसं सांगा.

चिखलीला रेल्वे नाही, पण मलकापूर-शेगावला रूळ सगळ्यांनी पाहिलेत. त्या रुळांच्या पोटातले तडे कानाला ऐकू न येणाऱ्या लहरींनी तपासतात. सेकंदाला वीस-वीस लाख कंपनांची लहर पोलादात सोडली की तिची लांबी जेमतेम तीन मिलिमीटर भरते. लहर इतकी आखूड असली की लहानशा तड्यावरूनही तिचा प्रतिध्वनी येतो. इमारतीचं काँक्रीटही असंच तपासतात. एका बाजूनं लहर सोडून दुसऱ्या बाजूला ती किती वेळात पोचली ते मोजतात. सेकंदाला साडेचार किलोमीटरपेक्षा जास्त वेग आला तर काँक्रीट उत्तम, बराच कमी आला तर शंका घ्यावी.

रोलरच्या लहरींचं उलटं असतं. सेकंदाला तीसेक ठोके म्हणजे जमिनीतून येणारी लहर चांगली काही मीटर लांब. आमची हातभर भेग तिच्यापुढं लहानच. म्हणून एका ठोक्यात काही होत नाही, आणि धडधाकट इमारतीला सहसा काहीच होत नाही. पण एका मिनिटात अठराशे ठोके झाले, आणि भेगेचं टोक आधीच धारदार असलं, तर?

"एवढ्याशा पोरांना कशाला हे?"

हा प्रश्न मला सहकाऱ्यांनी विचारला, आणि तुमच्याही मनात असेल. माझं उत्तर सोपं आहे. यात एकही सूत्र नाही. कागद, कात्री, गोट्या, बांबू आणि आजीचं मडकं. चौथीच्या मुलाला जे डोळ्यांनी दिसतं आणि हाताला जाणवतं ते इंजिनिअरिंग कॉलेजपर्यंत राखून का ठेवायचं?

दुसरा आक्षेप पालकांचा. मुलं घाबरतील. मला अनुभव उलटा आला. ज्या भेगेबद्दल मोठी माणसं कुजबुजतात, तिला मुलं घाबरतात. जिच्या टोकाशी आपण स्वतः पेन्सिलनं रेघ मारून तारीख लिहिलीय, तिला कोण घाबरेल? तिच्यावर तर पहारा असतो.

तिसरा आक्षेप कुणी तोंडानं बोलत नाही. शाळेचं नाव खराब होईल. मित्रहो, खरी अडचण इथंच आहे. आपण भेगेवर सिमेंट लिंपतो, वर रंग देतो, वर तक्ता लावतो. लिंपल्यानं काय होतं? धारदार टोक आत तसंच राहतं, फक्त आपल्याला दिसेनासं होतं. वेल्डिंगवाले पालक जी चूक पत्र्याच्या बाबतीत करत नाहीत, ती आपण मुलं बसतात त्या भिंतीच्या बाबतीत करतो. मी स्वतः केली, म्हणून सांगतेय.

प्रत्येक भेग धोक्याची नसते, हेही मुलांना आणि पालकांना सांगायला हवं. गिलाव्यावरचं केसासारखं जाळं बहुधा वरवरचं असतं. आपल्याकडची काळी जमीन पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून हात जाईल अशी भेगाळते. तिच्यावरच्या घरांना तिच्याबरोबर थोडं हलावंच लागतं. काळजी करायची ती अशा भेगेची, जी खिडकीच्या किंवा दाराच्या कोपऱ्यातून तिरकी निघते, विटांच्या सांध्यांतून पायऱ्यांसारखी उतरते, भिंतीच्या दोन्ही बाजूंना दिसते, किंवा जिच्यामुळं दार अडकायला लागतं. आणि सगळ्यात जास्त काळजी जिचं टोक पुढं सरकतंय तिची.

म्हणून एवढं करा :

१. वर्गातल्या आणि व्हरांड्यातल्या भेगा मुलांबरोबर शोधा. हात लावायची किंवा खरवडायची गरज नाही.

२. प्रत्येक भेगेच्या टोकाशी पेन्सिलनं आडवी रेघ मारून तारीख लिहा. उंचावरच्या भेगेचं काम मोठ्यांनी करावं.

३. दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी बघा. टोक रेघेच्या पुढं गेलं का? गेलं तर नवी रेघ, नवी तारीख. लांबी वहीत लिहा. हे मोजमापाचं गणितही झालं.

४. जोराचा पाऊस, रस्त्याचं काम, जवळच्या खदानीतला सुरुंग, मिरवणुकीतला डीजे, असं काही झालं तर त्याचीही नोंद करा. पण भेग त्यामुळंच वाढली असं लगेच ठरवू नका. नोंद वेगळी आणि निष्कर्ष वेगळा, हेही मुलांनी शिकायला हवं.

५. टोक सरकत असेल तर ती वही घेऊन शाळा व्यवस्थापन समितीपुढं जा आणि इंजिनिअरकडून तपासणीची लेखी मागणी करा. तोवर मुलांना त्या भिंतीजवळ बसवू नका.

पालकहो, पाचव्या मुद्द्यात तुमची गरज आहे. समितीत तुम्ही बहुमतानं असता. रंगरंगोटीसाठी वर्गणी मागितली तर आधी विचारा, भेगा बघितल्या का?

आमच्या भिंतीचं काय झालं?

तक्ता मी काढला. त्या मुलानं आणि त्याच्या गटानं चार महिने नोंदी ठेवल्या. पहिल्या दोन महिन्यांत टोक चार बोटं सरकलं, नंतर थांबल्यासारखं झालं. वही समितीपुढं ठेवली, अर्ज गेला, आणि थोड्या पाठपुराव्यानंतर इंजिनिअर येऊन बघून गेले. त्यांनी सांगितलं की मूळ दोष पायाखालच्या काळ्या मातीचा आहे. पाणी पायाशी मुरतंय, आधी ते वळवा. रोलरनं भेग सुरू केली नाही, पण असलेल्या भेगेला धक्के बरे नव्हेत. भेग आतून भरायची, आडव्या सळयांनी शिवायची आणि मगच गिलावा करायचा. तारखा घातलेल्या रेघा बघून त्यांनी विचारलं, हे कुणी केलं? अख्ख्या वर्गानं बोटं वर केली.

दुरुस्ती अजून व्हायची आहे. गावकऱ्यांनी श्रमदानातून पाण्याचा चर तेवढा खणून दिलाय. आमचा वर्ग सध्या व्हरांड्यात भरतो. ऊन आलं की बाकं सरकवावी लागतात आणि मुलं कुरकुरतात. जलचक्राचा तक्ता आता व्हरांड्याच्या खांबाला टांगलाय. आणि पहिल्या शनिवारी तो मुलगा न सांगता पट्टी घेऊन रिकाम्या वर्गाच्या खिडकीशी जातो. मी सोबत जाते, आणि तो बाहेरूनच टोक बघून मला सांगतो.

मागच्या वेळी म्हणाला, "मॅडम, रेघेवरच हाय." मी वहीत तारीख टाकली.

तुमच्या वर्गातला तक्ताही एकदा उचलून बघा.